फोंड्याच्या ऑफिसातला सर्व्हर: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जुलै २०२५

३ फेब्रुवारी

या कामाची वही आजपासून वेगळी ठेवतो आहे. पुढे कुणी "हे असं का केलं?" विचारलं तर उत्तर एका जागी सापडायला हवं.

शेठनी होकार दिला आहे. फाइली, कॅलेंडर, आपापसातले निरोप आणि एकाच कागदावर अनेकांनी मिळून करायचं लिखाण, हे सगळं आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर आणायचं. आजची स्थिती अशी: मुख्य ऑफिस फोंड्यात, फॅब्रिकेशनचं शेड कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, आणि पणजीत पाटोला तीन टेबलांचं छोटं ऑफिस. ड्रॉइंग फोंड्यात बनतं, व्हॉट्सअ‍ॅपवर कुंडईला जातं, तिथून दुरुस्ती तोंडी येते, आणि पणजीच्या माणसाकडे बहुधा तिसरीच प्रत असते. जानेवारीत कुंडईला जुन्या रिव्हिजनवर प्लेटा कापल्या गेल्या आणि थेट भंगारात गेल्या. या प्रकल्पाचं मूळ तिथे आहे.

मुदत ३१ मे, म्हणजे पाऊस लागायच्या आधी. जून ते सप्टेंबर जे नीट चालेल ते उरलेले आठ महिनेही चालेल, म्हणून सगळे हिशेब त्या चार महिन्यांना धरून करणार.

१० फेब्रुवारी

मशीनचा आकार ठरवायला नुसती माणसं मोजून भागत नाही, कामं मोजावी लागतात. लॉगिन लागतील ६२. एका वेळी प्रत्यक्ष काम करणारी माणसं फार तर ४०. त्यातले ब्राउझरमध्ये एकाच वेळी कागद उघडून लिहिणारे बारा-पंधरा. सर्व्हरचा घाम काढतात ते हे बारा-पंधरा. बाकीच्यांची फाइल चढवणं-उतरवणं डिस्क आणि नेटवर्कवर निभावून जातं.

डेटा २.९ टेराबाइट. त्यातला २.१ ड्रॉइंगचा, उरलेल्यात साइटचे फोटो, टेंडरचे कागद आणि हिशेब.

सॉफ्टवेअर नेक्स्टक्लाउड. २०१६ साली ओनक्लाउडचे संस्थापक फ्रँक कार्लिचेक तिथून बाहेर पडले आणि त्याच कोडमधून त्यांनी हे उभं केलं. मुक्त स्रोत आहे, फाइली डिस्कवर साध्या फाइली म्हणूनच राहतात, उद्या सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तरी डेटा कुलपात अडकत नाही. माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं कारण. ब्राउझरमधल्या संपादनासाठी त्याला कोलॅबोरा ऑनलाइन जोडायचं.

दोन गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या. ईमेल आहे तिथेच, बाहेरच्या सेवेवर राहील. मेल सर्व्हर चालवणं म्हणजे आपला आयपी पत्ता लोकांच्या स्पॅम-याद्यांत जाऊ नये म्हणून रोज राखण करणं, आणि तेवढं मनुष्यबळ आपल्याकडे नाही. दुसरी, मोठ्या व्हिडिओ मीटिंगा. नेक्स्टक्लाउड टॉकमध्ये वेगळा सिग्नलिंग सर्व्हर बसवला नाही तर प्रत्येक माणसाचं चित्र बाकीच्या प्रत्येकाला स्वतंत्र पाठवलं जातं. सहा जण बसले तर प्रत्येकाच्या लाइनवरून पाच प्रवाह वर जातात. कुंडईच्या लाइनला ते झेपणार नाही. टॉक निरोपांसाठी आणि दोघातिघांच्या बोलण्यासाठी.

१७ फेब्रुवारी

आज ड्रॉइंग विभागाबरोबर अख्खी दुपार बसलो. या बैठकीत ठरलं ते मशीनपेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यांची अपेक्षा होती की डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगच्या) फाइलीही नेक्स्टक्लाउडच्या सिंकमध्ये टाकायच्या. मी नको म्हणालो. सिंक क्लायंट फाइल प्रत्येकाच्या मशीनवर उतरवतो आणि सेव्ह झाल्यावर परत चढवतो. दोघांनी एकच ड्रॉइंग उघडलं, दोघांनी सेव्ह केलं, की एकाची फाइल 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' म्हणून बाजूला पडते. पत्राच्या बाबतीत दोन प्रती वाचून जुळवता येतात. तीनशे बोल्टांच्या जोडणीच्या ड्रॉइंगमध्ये कुठला बोल्ट कुणी सरकवला हे डोळ्यांनी शोधायचं? ऑटोकॅड फाइल उघडताना शेजारी डीडब्ल्यूएल नावाची कुलूप-फाइल ठेवतं, ती सामायिक फोल्डरवर लगेच दिसते, पण सिंकमधून दुसऱ्या मशीनवर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय आपल्या बहुतेक ड्रॉइंगांत एक्सरेफ आहेत, एका फाइलला दहा फाइली जोडलेल्या. त्यातली एक मागे राहिली तरी पूर्ण शीट चुकीची.

म्हणून असं ठरलं: चालू ड्रॉइंगं फोंड्यातल्या त्याच सर्व्हरवर, पण साध्या नेटवर्क फोल्डरमध्ये. ती उघडायची ऑफिसच्या आतूनच. तपासून सही झालेली पीडीएफ तेवढी नेक्स्टक्लाउडच्या 'मंजूर' फोल्डरमध्ये जाईल, आणि कुंडईच्या शेडला फक्त तोच फोल्डर दिसेल, तोही वाचण्यापुरता. कापायला घेतलेली प्लेट कुठल्या रिव्हिजनवर आहे हा प्रश्नच शेडमध्ये उरू नये.

मुख्य ड्राफ्ट्समन आधी नाराज होते. "मग नवीन काय मिळालं आम्हाला?" असं त्यांनी सरळ विचारलं. मी त्यांना जुन्या आवृत्त्या परत काढून दाखवल्या: झेडएफएस फाइल सिस्टिमवर दर तासाला स्नॅपशॉट घेता येतो आणि विंडोजच्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये तो दिसतो. सकाळी अकराचं ड्रॉइंग दुपारी चारला परत मिळतं हे पाहिल्यावर त्यांनी स्वतःच फोल्डरांची यादी लिहायला घेतली.

२४ फेब्रुवारी

जागा. तीन ठिकाणं पाहिली.

पाटोचं ऑफिस खाडीकाठच्या सखल भागात, तळमजल्यावर. पाऊस जोराचा असला की पणजीत रस्त्यावर पाणी साचतं, आणि खाऱ्या हवेने तिथल्या स्विचच्या स्क्रूंवर आत्ताच गंज चढला आहे. बाद. कुंडईच्या शेडमध्ये ग्राइंडिंगची लोखंडी धूळ उडते. ती धूळ वीज वाहते आणि मदरबोर्डवर बसली तर शॉर्ट. तिथे फक्त बॅकअपचं मशीन, तेही शेडबाहेरच्या ऑफिसच्या खोलीत, बंद कपाटात.

राहिलं फोंडा. पहिल्या मजल्यावरची जुन्या फायलींची खोली घेतली. तिची एकही भिंत बाहेरच्या बाजूला नाही, हे मुख्य. बाहेरच्या जांभ्याच्या भिंतींना श्रावणापर्यंत ओल येते आणि रंगाचे पोपडे सुटतात, आतल्या भिंती कोरड्या राहतात. वर स्लॅब आहे, कौलं नाहीत, डोक्यावरून पाण्याचा पाइप जात नाही.

एसीबद्दल सगळ्यांची समजूत एकच: अठरावर ठेवा, मशीन खूश. पावसाळ्यात हे उलटं पडतं. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश येतो. म्हणजे २६ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडणार. खोली अठराला गार करून ठेवली आणि कुणी दार उघडं टाकून आत-बाहेर करत बसला, तर रॅकच्या पत्र्यावर, केबलच्या टोकांवर दव धरेल. अमेरिकेतल्या अ‍ॅशरे संस्थेची सर्व्हरसाठीची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. आपण २५ वर ठेवू. दाराला आपोआप बंद होणारा क्लोजर, चौकटीला रबरी पट्टी.

उष्णतेचा हिशेब: सगळी यंत्रं मिळून ५०० वॅट धरले तर १,७०६ बीटीयू ताशी. एक टनाचा एसी १२,००० बीटीयू ओढतो, म्हणजे गरजेच्या सातपट. इतका मोठा एसी हवा पटकन थंड करून थांबतो आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून वेगळा डीह्युमिडिफायर लागेलच, त्याची नळी थेट ड्रेनला. एसी दोन घ्यायचे, बारा-बारा तासांच्या पाळीने, एक बिघडला तर दुसरा आहे. एसीचं पाणी ठिबकलं तरी रॅकवर पडणार नाही अशा भिंतीवर.

आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. नेहमीच्या पावडरने आग विझते, पण ती पावडर दमट हवेत सर्किटं खाते.

३ मार्च

मशीनचा तपशील पक्का केला. पुरवठादारांना हाच कागद जाईल.

दोन यू उंचीचा रॅक सर्व्हर, एक १६ कोरचा प्रोसेसर. दोन प्रोसेसरची गरज नाही, पैसे मेमरीत घालणं चांगलं. मेमरी १२८ जीबी, ईसीसी (छोट्या चुका स्वतः दुरुस्त करणारी), ३२ च्या चार पट्ट्या, म्हणजे पुढे वाढवायला खाचा मोकळ्या. दोन पॉवर सप्लाय, चालू असताना बदलता येणारे.

डिस्कच्या तीन गटांचं काम वेगळं. दोन छोट्या एसएसडीवर ऑपरेटिंग सिस्टिम. दोन १.९२ टीबीच्या एसएसडीवर व्हर्च्युअल मशीन आणि डेटाबेस. या एसएसडीत पॉवर-लॉस प्रोटेक्शन हवंच, हे कागदावर ठळक लिहिलं आहे. डेटाबेस "लिहिलं का?" विचारतो, डिस्क "लिहिलं" म्हणते, आणि त्याच क्षणी वीज गेली तर ज्या डिस्कमध्ये कपॅसिटर आहेत तीच आपला शब्द पाळते. घरगुती संगणकाच्या एसएसडीत ते बहुधा नसतात. फाइलींसाठी चार ८ टीबीच्या हार्ड डिस्क, दोन मिरर (एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर) करून, १६ टीबी वापरायला. चारांचा रेडझेड-टू (झेडएफएसची दुसरी रचना) केला असता तरी जागा तेवढीच मिळाली असती आणि कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी निभावलं असतं. तरी मिरर घेतले, कारण नवी डिस्क भरून निघायला वेळ कमी लागतो आणि पुढे दोन डिस्क वाढवल्या की जागा वाढते. एकाच जोडीतल्या दोन्ही जाण्याचा धोका आहे, त्यासाठी एक डिस्क कपाटात तयार. डिस्क सीएमआर प्रकारच्याच. एसएमआर प्रकारात माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, त्या घेतल्या तर झेडएफएसवर मिरर भरताना जीव जातो. डिस्कचा गट स्वतःच बांधणारं रेड (RAID) कार्ड नको, नुसती जोडणी देणारं साधं एचबीए कार्ड, म्हणजे झेडएफएसला डिस्क थेट दिसतील.

रॅक एक हजार मिलिमीटर खोलीचा. स्विचसाठी भिंतीला लावतात त्या सहाशेच्या रॅकमध्ये हा सर्व्हर बसतच नाही.

नेक्स्टक्लाउडची ३१ वी आवृत्ती गेल्या आठवड्यात आली. तीच बसवू.

१२ मार्च

कोटेशनं आली. किमतीत फार फरक नाही. फरक सेवेत आहे. एका पुरवठादाराच्या कागदावर 'पुढच्या कामाच्या दिवशी दुरुस्ती' असं लिहिलं होतं, पण फोंड्याच्या पिनकोडला ते लागू आहे का विचारल्यावर उत्तर तीन दिवसांवर गेलं. सुटे भाग बाहेरून येतात. चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड आली तर तीनाचे पाच. त्यामुळे सुट्या भागांचा छोटा साठा आपल्याच कपाटात: एक हार्ड डिस्क, एक एसएसडी, एक पॉवर सप्लाय, पंख्यांचा एक संच. शेठना खर्च वाढल्याचं वाटलं, पण सर्व्हर तीन दिवस बंद राहिला तर किती माणसं बसून राहतील ते सांगितल्यावर सही झाली.

२१ मार्च

वीज. एप्रिल-मेमध्ये तारांवरची झाडं छाटायला दिवसदिवसाचे शटडाउन, पावसात फांदी पडली की रात्रीची लाइट गुल. ऑफिसचा जनरेटर आहे, पण तो हाताने चालू करावा लागतो आणि रात्री इमारतीत कुणी नसतं.

३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घेतला. ऑनलाइनच हवा: तो वीज आधी डीसी करतो, मग पुन्हा एसी बनवतो, त्यामुळे जनरेटरची कमी-जास्त होणारी फ्रिक्वेन्सी सर्व्हरपर्यंत पोचत नाही. बॅटऱ्या सहा, १२ व्होल्ट ४२ अँपिअर-तासांच्या. कागदावर तीन युनिटं होतात. बॅटरी जुनी होणार, यूपीएसचा स्वतःचा खप आहे, तळापर्यंत उतरवायचीही नाही, म्हणून निम्मंच धरलं: ५०० वॅटला तीन तास.

बॅटऱ्या जिन्याखाली ठेवायचा प्रस्ताव होता. नको. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजतात आणि त्यावर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात जिन्याखाली बसवत नाही. बॅटऱ्या खोलीतच, रॅकपासून वेगळ्या स्टँडवर, जमिनीपासून वर.

सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय यूपीएसवर आणि दुसरा थेट लाइनवर, सर्ज प्रोटेक्टरमागून. यूपीएसच बिघडला तरी सर्व्हर उभा राहील.

७ एप्रिल

अर्थिंग. जुन्या पीटचं (जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्याचं) रेझिस्टन्स मोजलं: ११ ओहम. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ७ व्होल्ट. या आकड्यांवर सर्व्हर जोडणार नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं.

इलेक्ट्रिशियन म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात पीट कोरडाच असतो. दोन बादल्या पाणी घालतो आणि परत मोजतो, कमी येईल." मी म्हटलं, "नको भाऊ, कोरडाच मोजा. मळभाच्या पहिल्या विजा मे महिन्यात पडतात, तेव्हा जमीन अशीच कोरडी असणार." जांभा दगड पाण्याने भरलेला असतो तेव्हा बरा चालतो, कोरडा झाला की वीज जमिनीत जायला वाटच मिळत नाही. अर्थिंगचा खरा आकडा एप्रिल-मेमध्ये कळतो.

मागच्या बाजूला, जिथे नारळीखाली माती खोल आहे, तिथे दोन नवे केमिकल पीट घेतले. दोन्हींमधलं अंतर रॉडच्या लांबीपेक्षा जास्त ठेवलं, जवळ ठेवले तर दोघांचा परिणाम एकमेकांत मिसळतो. तांब्याच्या पट्टीने जोडून पुन्हा मोजलं, कोरड्या जमिनीतच: १.८ ओहम. डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) न्यूट्रलचे ढिले लगही घट्ट केले, न्यूट्रल-अर्थ आता दीड व्होल्टच्या आत. मुख्य पॅनलला आणि सर्व्हर-खोलीच्या डीबीला सर्ज प्रोटेक्टर. मागच्या इमारतीतल्या स्टोअरकडे जाणारी तांब्याची नेटवर्क केबल काढून फायबर टाकली. एका इमारतीवर वीज पडली तर ती केबलमधून दुसरीकडे येऊ नये.

१६ एप्रिल

सर्व्हर आला. रॅकमध्ये चढवला. मेमरीची तपासणी लावली, डिस्कची लांब चाचणी लावली. ८ टीबीची डिस्क एकदा टोकापासून टोकापर्यंत वाचायलाच अकरा तास लागतात, आणि लिहून-वाचून तपासायची तर काही दिवस. ते दिवस देणार. नवी डिस्क मरायची असेल तर ती रिकामी असताना मरू दे.

२२ एप्रिल

चारपैकी एका हार्ड डिस्कवर खराब सेक्टर दिसले. बदलून मागितली. कपाटातली सुटी डिस्क घालून काम पुढे.

२ मे

स्थापना झाली. खाली प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यावर व्हर्च्युअल मशीन: नेक्स्टक्लाउड, पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस, कोलॅबोरा आणि ड्रॉइंगसाठी सांबा (नेटवर्क फोल्डर देणारं सॉफ्टवेअर). वेगळी ठेवली, कारण कोलॅबोरा कागद सर्व्हरवरच रंगवून ब्राउझरला चित्राचे तुकडे पाठवतं. मोठी एक्सेल उघडली की ते मेमरी खातं, आणि त्याच्या भुकेने डेटाबेस उपाशी राहायला नको. फाइल-कुलुपांसाठी रेडिस, पार्श्वभूमीची कामं दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून, पीएचपीला ५१२ एमबीची मर्यादा.

सर्व्हरच्या रिमोट मॅनेजमेंटचं पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या वेगळ्या नेटवर्कवर), इंटरनेटशी संबंध नाही. कुंडईशी वायरगार्डचा (कूटबद्ध व्हीपीएनचा) बोगदा. ऑफिसच्या आत तेच नाव आतल्या पत्त्यावर उतरतं, म्हणजे बाहेरची लाइन तुटली तरी फोंड्यातलं काम थांबत नाही.

सर्ट-इनचे (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश काढून वाचले: लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायचं, सुरक्षेची घटना सहा तासांत कळवायची. तिन्हींची सोय केली. कुणाला कळवायचं तो कागद छापून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला.

९ मे

आज अकाउंट्सच्या बाईंनी पंचायतीला जाणारं एक मराठी पत्र ब्राउझरमध्ये उघडलं. मजकूर ठीक, पण सही दुसऱ्या पानावर गेलेली. कारण फॉन्ट. पत्र मंगलमध्ये लिहिलेलं, मंगल विंडोजबरोबर येतो, डेबियनवर, म्हणजे आपल्या सर्व्हरवरच्या लिनक्सवर, नसतो. कागद सर्व्हरवर रंगवला जात असल्याने फॉन्टही सर्व्हरवर लागतो. नसला तर दुसरा बदली येतो, ओळी लांबतात, पान वाढतं. नोटो आणि लोहित हे मुक्त फॉन्ट बसवले, पत्राचे सगळे साचे नोटोमध्ये नव्याने बनवले आणि बाईंकडून एकेक छापून तपासून घेतले.

जुन्या पत्रांचा प्रश्न मोठा. २०१० च्या आधीची कितीतरी पत्रं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात अक्षरं युनिकोडमध्ये नाहीत, इंग्रजी चिन्हांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. फॉन्ट नसला की नुसती चिन्हांची रांगोळी, आणि शोधात तर ती कधीच सापडणार नाहीत. आधी त्यांची पीडीएफ करून जपायची, मग लागतील तशी युनिकोडमध्ये आणायची.

आणखी एक बारीक गोष्ट सापडली. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा 'ऱ' टाकतो, कुणाचा साध्या 'र'ला हलन्त लावून अदृश्य जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. सगळ्यांच्या मशीनवर एकच इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला. इंग्रजी पुस्तिकांत हे कुठे लिहिलेलं नसतं, पण गोव्यात मराठीत काम करणाऱ्या ऑफिसला हे रॅमइतकंच महत्त्वाचं आहे.

१९ मे

बॅकअप. कुंडईला प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. पहिली प्रत लाइनवरून पाठवली असती तर १०० एमबीपीएसला २.९ टीबी म्हणजे सलग ६४ तास, तेही लाइन एकदाही न अडखळता. म्हणून मशीन फोंड्यातच भरलं, मग गाडीत घालून कुंडईला नेलं. आता रोज रात्री फक्त बदललेले तुकडे जातात. शिवाय आठवड्याला एक बाहेरची डिस्क, वायर काढून शेठच्या घरच्या तिजोरीत. घुसखोर सर्व्हरवर आला तरी वायर नसलेल्या डिस्कपर्यंत पोचत नाही.

बॅकअपमधून डेटा परत आणून पाहिला. नेक्स्टक्लाउडचं ८०० जीबीचं मशीन कुंडईहून फोंड्यात आणून स्थानिक नेटवर्कवर उभं करायला हिशेबाने दोन तास, प्रत्यक्षात सहा लागले. बॅकअप सर्व्हर डेटाचे लाखो छोटे तुकडे करून ठेवतो आणि जुन्या हार्ड डिस्कला ते विखुरलेले तुकडे वेचायला वेळ लागतो. तिथे एसएसडी घालायची मागणी टाकली. तोपर्यंत सहा तास हाच आकडा सगळ्यांना सांगायचा.

२६ मे

आमच्या मुदतीला अजून पाच दिवस होते, पण पाऊस थांबला नाही. हवामान खात्याने परवा केरळात मान्सून जाहीर केला आणि काल तो गोव्यातही पोचला. त्याआधीपासूनच झोड चालू होती.

रात्री १.४० ला लाइट गेली. यूपीएसने भार घेतला. बॅटरी ४० टक्क्यांवर आल्यावर मशीन क्रमाने बंद करायचं असं एनयूटी या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं होतं: आधी कोलॅबोरा, मग नेक्स्टक्लाउड, शेवटी डेटाबेस. पहाटे ४.३५ ला तसंच झालं. लाइट ६.१० ला आली. सर्व्हर लगेच चढला नाही, बॅटरी पुरेशी भरेपर्यंत थांबला, कारण पावसात आलेली लाइट दहा मिनिटांत परत जाते. या वेळी ती ६.२५ ला खरंच परत गेली. सर्व्हर बंदच होता, त्याला धक्का नाही. आठच्या सुमाराला सगळं वर. लॉगमध्ये डेटाबेसची एकही तक्रार नाही.

एसी यूपीएसवर नाहीत. तीन तासांत खोली २५ वरून ३१ वर गेली. चालण्यासारखं आहे.

९ जून

सगळे आत आले. आधी अकाउंट्स, मग टेंडर, मग साइटवाले. 'मंजूर' फोल्डर कुंडईच्या पर्यवेक्षकांना टॅबलेटवर दिला. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की पीडीएफ उघडायला ऑफिसात जावं लागतं का. नाही, शेडमध्येच उघडते, लाइन नसली तरी, कारण टॅबलेटवर ती उतरवून ठेवली आहे. रिव्हिजन क्रमांक पानाच्या उजव्या कोपऱ्यात मोठा हवा अशी त्यांची मागणी आहे, ड्रॉइंग विभागाने मान्य केली.

व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवणं आजपासून बंद, शेठच्या सहीचं परिपत्रक निघालं.

२४ जून

सांजांव या गोव्यातल्या सणाची धामधूम, ऑफिसात निम्मी माणसं. खोलीची आर्द्रता ५४ टक्के, बाहेर ९३. डीह्युमिडिफायर दिवसाला बादलीभर पाणी काढतो. केबलच्या भोकातून मुंगळे आत येऊ लागले होते, भोकं अग्निरोधक पुट्टीने बुजवली.

७ जुलै

पहिला महिना पूर्ण. भर दुपारीही प्रोसेसर चाळीस टक्क्यांवर जात नाही, कोलॅबोराची मेमरी मात्र टेंडरच्या आठवड्यात काठोकाठ भरली. त्याला आठ जीबी वाढवून दिली. कुंडईला चुकीच्या रिव्हिजनवर एकही प्लेट कापली गेलेली नाही, हे पर्यवेक्षकांनी आज आपणहून सांगितलं.

राहिलेलं काम. कुंडईच्या बॅकअप मशीनला अजून छोटा ऑफलाइन यूपीएसच आहे, तिथेही ऑनलाइन हवा. खोलीत तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर ठेवून गंज मोजून घ्यायचा: आयएसए या ऑटोमेशनच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे तांब्यावर महिन्याला ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमच्या (मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या) आत असेल तर हवा सौम्य. नेक्स्टक्लाउडची मोठी आवृत्ती एकेक पायरीनेच चढवता येते, मधली गाळता येत नाही, म्हणून मागे पडून चालणार नाही. चवथीच्या सुट्टीत, २७ ऑगस्टच्या आठवड्यात, ऑफिस रिकामं असेल. तेव्हा फोंड्याचा सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून कुंडईच्या बॅकअपवरून सगळं दुसऱ्या मशीनवर उभं करायचं आणि अकाउंट्सच्या बाईंनी त्यावर एक पत्र लिहून छापायचं. त्यासाठीच्या एसएसडीची आणि यूपीएसची मागणी आज अकाउंट्सला दिली.